हिरव्या गिटारीचा जीर्णोद्धार

गिरगावातल्या आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आणि गेल्या वर्षी बिऱ्हाड हलवायची वेळ आली, तेव्हा माळा रिकामा करायचं काम घरातला सगळ्यांत बिनकामाचा माणूस म्हणून माझ्याकडे आलं. माळा म्हणजे काय चीज असते, ते शिडी लावून ज्यानं आत डोकं घातलेलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आपण लोक वस्तू टाकून देत नाही, माळ्यावर टाकतो. तांब्याचा बंब, वातीचा स्टो, तीन पायांचा पाळणा, बहिणींच्या लग्नांत आलेले आणि एकीनंही न नेलेले चार लेमनसेट, आणि या सगळ्याच्या मागं, भिंतीला टेकून, सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं आडवं असं काहीतरी. त्याच्या एकूण ठेवणीवरून पोलिसांना कळवावं की काय, असा विचार क्षणभर माझ्या मनात येऊन गेला.

चादर सोडली तर आत गिटार. साधी नव्हे, विजेवरची. आणि रंग दाराचा हिरवा. दाराचा हिरवा हा रंग तुम्हांला ठाऊक असेल. आमच्या घरमालकानं दारांना, खिडक्यांना, जिन्याच्या कठड्याला आणि मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक सोयीला पिढ्यान्‌पिढ्या जो एकच ऑइलपेंट फासला, तो हा हिरवा. गिटार त्या चाळीचंच एखादं खिडकीचं झडप असल्यासारखी दिसत होती.

ती अण्णाची, हे मला लगेच कळलं. अण्णा आमचा थोरला भाऊ. मी शेंडेफळ, मध्ये चार बहिणी आणि तेरा वर्षं. १९६८ साली, वय वर्षं एकोणीस असताना, त्यानं धोबीतलावच्या एका गोवेकरी कुडात उतरलेल्या खलाशाकडून ही गिटार सव्वादोनशे रुपयांना घेतली. त्या काळी बाहेरचा माल म्हणजे जहाजावरचा माल. अण्णाला नुकतीच कारकुनी लागली होती. पहिले सगळे पगार त्यानं त्या खलाशाच्या हातावर ठेवले आणि तात्यांच्या हातावर तुरी. तात्या शाळामास्तर. त्यांच्या लेखी पेटी हे वाद्य, तबला हे वाद्य, आणि गिटार हे लक्षण.

पुढची गोष्ट आमच्या घरात दर गणपतीला मोदकांबरोबर वाढली जाते. १९६९ च्या गणपतीत चाळीच्या कार्यक्रमात अण्णा आणि त्याचे धोबीतलावचे तीन दोस्त वाजवणार होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अण्णाच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, चाळीचा उरलेला ऑइलपेंट घेऊन त्यानं गिटारच रंगवून काढली! दुसऱ्या दिवशी स्टेजवर बटण दाबलं तर गिटार मुकी. लोक हसले. मग दोस्तांनी दुसरा वादक पाहिला, अण्णानं गिटार माळ्यावर टाकली आणि यथाकाल लग्न केलं. 'अण्णा म्हणजे अगदी हिरवा' ही कोटी आमच्या घरात पंचावन्न वर्षं चालू आहे. ही गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा आणि सगळ्यांत रंगवून सांगणारा माणूस म्हणजे मी.

अण्णाला पंचाहत्तर पुरी व्हायची होती. मी ठरवलं, त्या दिवशी त्याच्या हातात ही गिटार ठेवायची. दुरुस्त करून, घासूनपुसून, अगदी जशी होती तशी. 'जशी होती तशी' हे तीन शब्द मी त्या वेळी फार सहज वापरले.

पहिला प्रश्न, ही होती कशी आणि कोण? दांडीच्या वरच्या टोकाला नावाची पट्टी असते, तिथं फक्त दोन भोकं उरलेली. चाळीत तज्ज्ञांची कधीच टंचाई नव्हती. समोरचे काका म्हणाले, हवाईयन. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना ती बॅटमिंटनशी संबंधित वाटली. आमच्या पुतण्यानं फोनवर फोटो काढून कुणाकुणाला पाठवले, तेव्हा एकानं 'फेंडर असेल तर लाखांत जाईल' असं कळवलं. त्या रात्री मी गिटार कपाटात ठेवून कुलूप लावलं. माणसाचं प्रेम अशा वेळी किती चटकन वाढतं, पाहा.

शेवटी एका दुरुस्ती करणाऱ्या मुलाचा पत्ता लागला. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पोरगा तिशीतला, बोलायला गोड आणि नजर पोस्टमॉर्टेमवाल्याची. मी दहा मिनिटं अण्णाचा इतिहास सांगितला, तो यानं ऐकलाच नाही. त्यानं गिटार पालथी घातली, मागचे स्क्रू पाहिले आणि विचारलं, "काका, हे आधी कुणी उघडलेत?" मी म्हटलं, "छे!" तो म्हणाला, "छान. म्हणजे आत खरं सापडेल."

मग त्यानं मला जी माहिती दिली, ती ऐकून मला गिटारींबद्दल आदर आणि माणसांबद्दल काळजी वाटायला लागली. बाहेरून दिसतं त्यावर या लोकांचा अजिबात विश्वास नसतो. नावाची पट्टी कुणीही चिकटवतो. नंबराची पत्री मागच्या चार स्क्रूंखाली असते; ती पाच मिनिटांत बदलता येते. म्हणून दांडी सोडवून तिच्या बुडाशी बघायचं. फेंडरच्या कारखान्यात तिथं पेन्सिलीनं महिना आणि साल टाकायची पद्धत होती. मग आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचं यंत्र पाहायचं, त्याला पॉट म्हणतात. अमेरिकन पॉटवर आकडे ठोकलेले असतात. समजा, १३७६६३३ असा आकडा आहे. तर १३७ म्हणजे सीटीएस नावाचा कारखाना, ६६ म्हणजे १९६६ साल, आणि ३३ म्हणजे त्या सालातला तेहेतिसावा आठवडा. माझ्या जन्माच्या दाखल्यावर इतकी बारीक नोंद नाही. तरी हा पोरगा म्हणतो, "यावरून गिटार त्याच्या आधीची नाही, एवढंच कळतं. नंतरची किती, ते नाही." कारण फेंडरवाल्यांनी १९६६ मध्ये पॉट एकदम पोत्यानं घेऊन ठेवले आणि पुढं दोनतीन वर्षं तेच वापरले. वाण्याकडे दिवाळीचा रवा शिमग्यापर्यंत चालतो, तसं.

हे फेंडर म्हणजे लिओ फेंडर. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. १९५४ साली त्याची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली आणि जगभरच्या पोरांच्या आईबापांची झोप उडाली. गंमत अशी की त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९६५ मध्ये त्यानं कंपनी सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली, आणि त्याच्या आधीची गिटार ती खरी, नंतरची ती आपली अशीच, असं मानणारा एक पंथच निघाला. आपल्याकडे नाही का, घराणं कुठल्या पिढीपर्यंत शुद्ध होतं यावर बैठकी झडतात!

आमची गिटार उघडली. पेन्सिल नाही. आकडा नाही. मागच्या पत्रीवर इंग्रजीत एवढंच, की मानेत पोलाद घातलेलं आहे आणि माल जपानचा आहे. पोरगा मात्र खुलला. बटणांची ठेवण, सोनेरी कागद लावल्यासारखे दोन पिकप, पुढच्या धातूच्या पट्टीचा आकार हे सगळं त्यानं आपल्या फोनमधल्या जुन्या कॅटलॉगांशी पडताळलं आणि म्हणाला, "बहुतेक टाइस्कोच्या घरची. पण नाव काय होतं ते सांगणं कठीण." टाइस्को ही १९४६ साली निघालेली जपानी कंपनी, १९६७ मध्ये कावाईनं ती विकत घेतली. अमेरिकेतले व्यापारी तिच्याकडून गिटारी घ्यायचे आणि ज्याच्या त्याच्या नावाच्या पट्ट्या लावून विकायचे. एकाच्या दुकानात ती टाइस्को डेल रे, दुसऱ्याच्या दुकानात सिल्व्हरटोन. तेव्हा जपानात गिटारी करायला कोण कोण बसलं होतं! मात्सुमोतो गावातला मात्सुमोकू कारखाना तर मुळात सिंगरच्या शिवणयंत्रांची लाकडी पेटी बनवायचा. एका घरातली आई कपडे शिवते ते त्यांचंच लाकूड आणि पोरगा आईची झोप घालवतो तेही त्यांचंच.

म्हणजे लाख गेले. मी कपाटाचं कुलूप काढलं. पण पोरगा म्हणाला, "काका, अगदीच टाकाऊ समजू नका. राय कूडरनं असल्याच स्वस्त गिटारीतला पिकप काढून आपल्या फेंडरमध्ये बसवलाय." राय कूडर म्हणजे ज्याच्याबरोबर आपल्या विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं तो. मला बरं वाटलं. आपला गरीब नातेवाईक मोठ्यांच्या लग्नात पंगतीला दिसला की वाटतं तसं.

यापुढं दुरुस्ती. बटणं खरखरत होती ती फवारा मारून साफ झाली. पडदे घासून सारखे केले. दोन पिकपांपैकी एक मीटरवर बोलला, दुसरा मुका. पिकपमध्ये केसाहून बारीक तारेचे वेढे असतात. फेंडरच्या एकेका पिकपला साधारण आठ हजार! मी हबकलो, पण तुटलेलं टोक अगदी बाहेरच्या वेढ्याला निघालं. फटीत ऑइलपेंट उतरून वाळला होता आणि त्यानं ती तार ओढून तोडली होती. एक सोल्डरचा डाग, आणि पंचावन्न वर्षांनी पिकप गुणगुणला. आतापर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

मग मी म्हटलं, "आता हा हिरवा काढून टाक."

पोरगा गप्प झाला. डॉक्टर रिपोर्ट वाचून गप्प होतात तसा. म्हणाला, "काढता येईल. पण काढायचा का, ते तुम्ही ठरवा."

तेव्हा मला कळलं की या जगात दोन धर्म आहेत. एकाचं म्हणणं, जुन्या गिटारीला हात लावू नका. वाजत नसेल तर वाजती करा, पण रंगाला बोट लावायचं नाही. जुन्या फेंडरवर नायट्रोसेल्युलोजचं लाखकाम असे; बायकांच्या नखांच्या पॉलिशमध्ये असतं तेच. ते भेगाळतं, पिवळं पडतं, वाजवणाऱ्याच्या कोपराखाली झिजून लाकूड दिसतं, आणि ते दिसणं हीच तिची श्रीमंती. कुणी प्रेमानं नवा रंग दिला की किंमत निम्म्यावर येते. आयर्लंडच्या रॉरी गॅलाघरची १९६१ सालची स्ट्रॅटोकास्टर पाहा: रंग जवळजवळ गेलेलाच, घामानं गेला म्हणतात. ती २०२४ मध्ये लंडनमध्ये लिलावात गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट मिळाली. तिला कुणी एक हात मारून दिला असता तर त्याला त्या देशात फिरणं मुश्किल झालं असतं.

आणि यावरचा कळस ऐका. १९९५ पासून खुद्द फेंडरवालेच नव्या गिटारी मुद्दाम झिजवून, ओरखडे काढून, गंज चढवून विकतात, आणि नव्याकोऱ्यापेक्षा जास्त पैसे घेतात. आमच्या तात्यांनी एकच कोट तीस वर्षं वापरला. कोपरावर तो असा सुंदर झिजला होता की आज अमेरिकेत त्याचं काय आलं असतं, या विचारानं मला रात्री झोप येत नाही.

दुसरा धर्म म्हणतो, वाद्य वाजण्यासाठी आहे. लागेल ते बदला. एरिक क्लॅप्टननं १९७० मध्ये नॅशव्हिलमध्ये जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या, काही मित्रांना वाटल्या, आणि उरलेल्या तिघींचे उत्तम अवयव काढून एक गिटार जुळवली. तिचं नाव ब्लॅकी. एकीची मान, दुसरीचं धड. २००४ मध्ये ती नऊ लाख एकोणसाठ हजार पाचशे डॉलरना गेली. आता हिच्यातलं मूळ काय? आपल्याकडे तर हा प्रश्न कुणी विचारतही नाही. तंबोऱ्याची जवारी बसली की मिरजेचा कारागीर घोडी घासून पुन्हा काढतो. असं दहा वेळा झालं तरी तंबोरा आजोबांचाच राहतो.

मला या पहिल्या धर्माची थोडी धास्तीच वाटली, कारण त्याचे नियम माझ्यावर लावून पाहिले. दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं. उजवा गुडघा बाहेरचा. वरची दंतपंक्ती तर पूर्णच दुसऱ्या कारखान्याची. केसांना मध्यंतरी दोन वर्षं काळा रंग दिला होता, म्हणजे रीफिनिश झालेलं. उघडून पाहिलेले स्क्रू तर विचारू नका. कॅटलॉगात माझं वर्णन 'वाजते, परंतु मूळ भाग कमी' असंच करावं लागेल.

तसा हा प्रश्न फार जुना. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचं गलबत जपून ठेवलं, फळी कुजली की नवी बसवायची असं करत. आणि प्लुटार्क सांगतो, की तत्त्वज्ञांत भांडण लागलं, हे गलबत तेच की दुसरं? आपल्याकडे राजा मिलिंदाला भिक्षू नागसेनानं विचारलं, तू रथातून आलास ना, मग दाखव रथ. चाक म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? राजा म्हणाला, हे सगळे भाग मिळून जे होतं त्याला रथ हे नुसतं नाव. मोठ्या माणसांचा हा फायदा असतो. त्यांना एवढं बोलून घरी जाता येतं. माझ्यासमोर जिन्याखालचा पोरगा पट्टी हातात घेऊन उभा होता.

शिवाय तत्त्वज्ञांच्या प्रश्नात फळ्या कमी पडतात. माझ्या प्रश्नात एक थर जास्त होता. देवळात जीर्णोद्धार करताना मूर्तीवरचा शेंदूर उतरवतात, आणि आतून वेगळाच चेहरा निघतो. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप काढला तेव्हा खालचं रूप पाहून लोक चकित झाले. आता पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हात जोडले ते कुणाला? वरच्या रूपाला की खालच्या? कारखान्यातून निघालेली गिटार ही खरी म्हणावी, तर तो कारखान्यातला एक मंगळवार आणि नंतरची पंचावन्न वर्षं खोटी. हिरवी ती खरी म्हणावी, तर अण्णाचा मूर्खपणा चिरंजीव. 'जशी होती तशी' करायची म्हणजे कुठल्या दिवशी होती तशी, ते ठरवणारा मी कोण? चाळ पाडून तिथं बावीस मजली टॉवर होणार आणि त्यावर पाटी आमच्याच चाळीच्या नावाची लागणार. त्या कागदावर मी काहीही तत्त्वचिंतन न करता सही केली होती. गिटारीशी मात्र अडलो.

"मागं थोडं काढून बघू," पोरगा म्हणाला. त्यानं थिनर वापरला नाही. म्हणाला, वरचा जाईल न जाईल, खालचा आधी जाईल. जुन्या एटीएम कार्डाची कड घासून त्यानं ती हिरव्याखाली हळूच सरकवली. ज्यानं रंग लावला त्यानं आधी पॉलिशपेपर मारला नव्हता, त्यामुळे रंगानं खाली धरलंच नव्हतं. खवलं निघावं तसा एकेक तुकडा निघाला, आणि पोस्टकार्डाएवढ्या जागेत लाल रंग दिसला. मध्ये कुंकवासारखा, कडेकडेनं काळसर होत गेलेला. मी तो कधी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

"लागलाय अगदी कच्चा हातानं," पोरगा म्हणाला. "ब्रशचे केस अडकलेत. ओघळ आलेत. आणि काका, हा अंगठा बघा." कडेला, जिथं उचलून धरली असणार तिथं, ओल्या रंगात उमटलेला एक अंगठा होता. त्यानं आपला अंगठा त्यावर ठेवला. तो दोन्हीकडून बाहेर आला. "लहान मुलाचा आहे."

मी म्हटलं, "असेल. अण्णा तेव्हा फारच बारीक होता."

असलं निर्बुद्ध वाक्य मी बोललो खरं. त्या क्षणी मला खरोखर तसंच वाटलं, एवढंच सांगतो.

निर्णय होईना, म्हणून शेवटी आश्चर्याचा धक्का वगैरे बाजूला ठेवून मी गिटार चादरीत गुंडाळली आणि डोंबिवलीला गेलो. रविवारच्या गाडीतसुद्धा तिनं चौथ्या सीटची जागा खाल्ली. वहिनींनी दार उघडलं. "अगं बाई, भावजी, हे काय आणलंत?" अण्णा खुर्चीत पेपर वाचत होता. मी चादर सोडली. त्यानं चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाला, "अजून आहे का ती?"

मी सगळं सांगितलं. टाइस्को, पिकप, दोन धर्म, आणि तो लाल तुकडा उलटा करून दाखवला. तो त्या तुकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग मी माझी शंका काढली: "अण्णा, तू लावलेला हा रंग काढावा की ठेवावा? म्हणजे शेवटी तुझ्या हातचा आहे."

"माझ्या?" अण्णा म्हणाला. "अरे गधड्या, तू लावलास तो."

वहिनी पोहे परतायच्या थांबल्या. अण्णानं सांगितलं ते असं. आदल्या दिवशी तो मित्रांपाशी म्हणाला होता, की गिटारीचा एका ठिकाणी रंग उडालाय, स्टेजवर बरं दिसत नाही. मी सहा वर्षांचा, तिथंच बसलेला. दुपारी सगळे झोपले असताना मी जिन्यातला डबा आणला. अण्णा आला तेव्हा मी ब्रश घेऊन कोपऱ्यात उभा होतो, कोपरापर्यंत हिरवा, आणि शाबासकीची वाट बघत होतो. तेवढ्यात तात्यांची चाहूल लागली. "त्यांच्या हातात लाकडी फूटपट्टी असायची, आठवतं? मी तुला मोरीत ढकललं, ब्रश हातात घेतला आणि म्हटलं, मीच रंगवली."

"मग नंतर कधी सांगितलं का नाहीस?"

"नंतर तू इतकी छान गोष्ट सांगायला लागलास! सगळे हसायचे. आता काय सांगायचं?"

पंचावन्न गणपती. मी हिशेब करत होतो. दर गणपतीला मी ती गोष्ट त्याच्या तोंडावर सांगितली, त्याच्या सुनेच्या देखत, नातवंडांच्या देखत, आणि तो दर वेळी मोदक खात हसला होता. मी विचारलं, "अण्णा, त्यामुळे तुझं वाजवणं सुटलं का रे?"

यावर 'छे, छे' म्हणणं सोपं होतं. अण्णा खोटं उत्तम बोलतो, हे आता सिद्धच झालं होतं. पण तो विचार करून म्हणाला, "थोडंसं त्यानं सुटलं. दुसरी गिटार घ्यायला पैसे नव्हते. थोडंसं असं, की मला फार येत नव्हतंच. किती कशानं, ते आता काढता यायचं नाही."

तेव्हापासून मला तो ब्रश आठवतो. डब्याचं झाकण चमच्यानं उघडलेलं आठवतं, मोरीतला गारठा आठवतो. पण हे खरंच आठवतंय, की अण्णानं सांगितल्यावर माझ्या डोक्यानं रंगवलंय, हे पोस्टमॉर्टेमवाल्या पोरालाही सांगता येणार नाही. माझ्या स्क्रूंना आता हात लागलेला आहे.

मी म्हटलं, "मग अण्णा, हा रंग ठेवू या. तुझी आठवण आहे ही. तू मला वाचवलंस त्याची." माझा गळा भरून आला होता, आणि मनात असंही येऊन गेलं की यापेक्षा चांगली गोष्ट गणपतीत सांगायला मिळणार नाही.

"मुळीच नाही," अण्णा म्हणाला. "खरवड तो. मला लाल पाहिजे. सव्वादोनशे रुपये मी लालचे दिले होते. आणि त्या पोराला पैसे द्यायचे नाहीत. ज्यानं फासला त्यानंच काढायचा."

"अरे, पण मूळ..."

"मूळ मी बघितलंय. तू नाही."

यावर नागसेनानंही काय उत्तर दिलं असतं, मला कल्पना नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी डोंबिवलीला जातो. पोरानं मला तीन कार्डांच्या कडा घासून दिल्यात आणि ताकीद दिलीय, की घाई नको, उष्णता नको, एका वेळी नखाएवढंच. अण्णा खुर्चीत बसून लक्ष ठेवतो. मधेच गिटार हातात घेतो, दोन तारा छेडतो, "नाहीच येत" म्हणतो आणि परत देतो. वहिनी वर्तमानपत्र अंथरतात, हिरवे तुकडे गोळा करतात. अकरा रविवार झाले, पुढची बाजू जवळजवळ झाली. एका ठिकाणी लाल खरोखरच उडालेला आहे, चवलीएवढा. तो दिसल्यावर अण्णा म्हणाला, "हाच तो. याच्यापायी सगळं झालं."

अंगठा आहे त्या बाजूला मी अजून गेलेलो नाही. अण्णाच्या ते ध्यानात आलंय. गेल्या रविवारी त्यानं विचारलं, "तिथं कधी पोचणार?"

मी म्हटलं, "आधी दांडीजवळचं होऊ दे."